दुपदरी मलमल

७ सप्टेंबर

चिंगे,

तुझं पत्र काल आलं आणि त्यात तो प्रश्न पुन्हा आहेच, "मावशी, फोन का उचलत नाहीस?" अगं बाई, एकतीस वर्षं कारखान्याच्या तपासणी-खोलीत, खनिज फोडायच्या यंत्राशेजारी उभी राहिले. डावा कान तिथेच ठेवून आले. उरलेल्या उजव्याला तू फोनवर रांजणात तोंड घालून बोलल्यासारखी ऐकू येतेस. मी "हो हो" म्हणत राहते आणि फोन ठेवला की आपण कशाला हो म्हटलं या काळजीत दिवस जातो. पत्रात मला तू नीट ऐकू येतेस. तेव्हा लिहीत जा.

टिटवीची छाती कशी आहे? सहा वर्षांची पोर आणि औषधांची पिशवी माझ्यापेक्षा मोठी, हे काही बरं नाही.

इकडे विशेष काही नाही. विशेष काही नसणं हेच आता विशेष. खालच्या मजल्यावरची शिंपीणबाई पांढरं कापड शिवायला घेईनाशी झाली आहे. म्हणते, गिऱ्हाइकाला द्यायच्या आत ते राखाडी होतं. मी म्हटलं, दार रस्त्याकडे उघडं टाकून बसल्यावर दुसरं काय होणार! ती माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. तेवढीच शांतता. म्हणजे तशीही असतेच.

गच्चीवरचं हवा मोजायचं यंत्र मजेत आहे. आपली गच्ची तिन्ही बाजूंनी मोकळी म्हणून सरकारी कार्यालयाने ते इथे आणून बसवलं, त्याला आता वर्ष होऊन गेलं. दिवसभर घूं करत असतं. उजव्या कानाला तो आवाज बरोबर लागतो, त्यामुळे घरात कोणीतरी आहे असं वाटतं. मी त्याची बडदास्त ठेवते. रोज सकाळी गच्ची धुते, त्याची टोपी ओल्या फडक्याने पुसते, आणि दुपदरी मलमल पाण्यातून काढून त्याच्या तोंडाला बांधते, आत काजळी जायला नको. आमच्या तपासणी-खोलीचा पहिला नियम होता, भांडं पुसल्याशिवाय नमुना घ्यायचा नाही. एक गुरुवार सोडून एक गुरुवार कार्यालयाचा माणूस बघायला येतो. मी त्याला मापाडी म्हणते. टक्कल पडलेला, पोट सुटलेला, चहाला कधी नाही म्हणत नाही. तो यायच्या आधी मलमल सोडून ठेवते. पाहुण्यासमोर झाकणं-बिकणं बरी दिसत नाहीत.

महिन्यातून दोनदा तो येतो, बाकी कोणी येत नाही. तक्रार नाही, नुसतं सांगितलं.

तुझी मावशी

---

१९ सप्टेंबर

मावशी,

तुला एक गंमत सांगायची होती. तुझ्या यंत्राचा आकडा मला फोनवर दिसतो. खरंच. गावांची यादी येते, त्यात आपला वॉर्ड, आणि त्यापुढे तुझ्या गच्चीचा आकडा. मी रोज सकाळी चहा टाकला की आधी तो बघते. काल ७४ होता, आज ८१. आकडा दिसला की मला वाटतं, मावशी उठली, गच्ची धुऊन झाली. तू म्हणशील वेडी आहे. पण या शहरात सकाळी माझी चौकशी करणारं कोणी नाही आणि मी जिची करावी अशी तू एकटी. टिटवीच्या बाबाने दुसरीकडे घर केल्यापासून तर शेजारीसुद्धा जिन्यात नजर चुकवतात, जणू मी त्यांच्याकडे काही मागणार आहे.

आमच्या इथला आकडा आज १९० आहे. आमच्याकडे ना कारखाना ना भट्टी, नुसत्या गाड्या. टिटवी रात्री बसून झोपते. डॉक्टर म्हणाले, जिथे आकडा शंभराच्या आत आहे अशा ठिकाणी हिला दोन वर्षं ठेवता आलं तर बघा. मी घरी येऊन यादी उघडली. शंभराच्या आत, जिथे माझं कोणी आहे असं एकच नाव निघालं. तुझं.

पोलादाचं गाव, आणि हवा आमच्यापेक्षा बरी! लहानपणी तू माझी मान खसाखसा घासायचीस आणि पाणी काळं निघायचं, ते आठवून हसू आलं. सुधारलेलं दिसतं सगळं. माझ्या जुन्या शाळेत भूगोलाची जागा आहे का, विचारशील?

आणि टिटवी विचारते, आजीच्या पत्राच्या घडीतून काळी पूड का पडते?

चिंगी

---

२७ सप्टेंबर

चिंगे,

पत्र तीनदा वाचलं. मग चप्पल घालून थेट शाळेत गेले.

जागा आहे! भूगोलाच्याच बाई निवृत्त होताहेत. मुख्याध्यापिका तुझ्याच वर्गातली ती ढोलकी निघाली, आता काठीसारखी झाली आहे. म्हणाली, अर्ज पाठवू दे, तीस नोव्हेंबरच्या आत पक्कं कळवायचं. मी तिच्यासमोरच रडले. काय तो अवतार झाला असेल माझा.

तुझी खोली उघडली. तुझी आई गेल्यावर तू याच खोलीत चार वर्षांची येऊन पडलीस, आणि तू लग्न करून गेल्यावर मी तिला कुलूप घातलं. उगाच कशाला उघडायची म्हणून. आता दोन दिवस घासते आहे. खिडकीच्या सळ्यांवरून हात फिरवला तर हात काळा, पण इतकी वर्षं बंद खोली, ते चालायचंच.

पूड कसली असणार, पेन्सिलीची. याद्या करते ना मी, त्याच टेबलावर पत्र लिहिते. सांग टिटवीला.

चौकातल्या मोठ्या पाटीवर आपला आकडा झळकतो, हिरव्या अक्षरांत. मी भाजीला जाताना दोन मिनिटं उभी राहते. कॉलनीतल्या लोकांनी अर्ज केला होता, कारखान्याच्या कच्च्या मालाचे ढीग झाका म्हणून. तो परत आला. उत्तर असं की तुमच्या भागाचा आकडा उत्तम आहे, काय झाकायचं? शिंपीणबाई जिन्यात तणतणली. मी म्हटलं, बाई, एकतीस वर्षं मोजमापात गेली माझी. माणूस खोटं बोलतो, आकडा बोलत नाही.

लवकर या गं.

तुझी मावशी

---

१४ ऑक्टोबर

मावशी,

अर्ज पोचला, उत्तरही आलं, मला घ्यायला तयार आहेत. इथल्या शाळेला मी वीस नोव्हेंबरला राजीनामा देणार. एकदा दिला की परत घेता येत नाही, माझ्या जागी यायला रांग लागली आहे.

पण एक विचारायचं आहे. शुक्रवारी सकाळी आकडा बघितला तर २३१. मला वाटलं डोळे फिरले. शनिवारी २४४. दोन दिवस जेवण गेलं नाही. आणि रविवारी परत ७८! जीव भांड्यात पडला, तरी मनातून जात नाही. काय झालं होतं? मापाडीला विचार ना.

चिंगी

---

२० ऑक्टोबर

चि. चिंगी,

यंत्र बिघडलं होतं. मापाडीने उघडून ठेवलं होतं, त्यामुळे दोन दिवस भलतं दाखवत होतं. आता ठीक आहे.

खोलीला रंग दिला. इकडे थंडी सुरू झाली आहे. टिटवीला गरम कपडे आण.

मावशी

---

२ नोव्हेंबर

मावशी,

तुझं पत्र म्हणजे तार वाटली. ना टोमणा, ना शिंपीणबाई. रंगकामाने दमलीस का? एकटीने शिडीवर चढू नकोस, तुला सांगून काही उपयोग नाही हे माहीत आहे.

बिघाड होता हे वाचून निश्चिंत झाले. आता आकडे बघायचे, खोकी भरायची, एवढंच काम. आज ८०.

टिटवीने शाळेत सगळ्यांना सांगितलंय की आजीच्या गावात ती पळणार आहे. इथे तिला खेळाच्या तासाला बाकावर बसवतात. काल तिने स्वतःची पेटी भरली. बाहुली, दोन चित्रं, एक बूट. औषधाचा पंप मात्र बाहेर काढून ठेवला. मी विचारलं तर म्हणाली, "तिकडे कशाला? तिकडची हवा आजी धुते ना!" खाली तिनेच लिहिलंय, वाच.

*आजी मी येते. मी पंप आनत नाही. तू माझ्या बरोबर पळशील का.*

चिंगी

---

९ नोव्हेंबर

चिंगे,

हे पत्र जलद टपालाने पाठवते आहे आणि स्वतः जाऊन पावती घेणार आहे. वीस तारखेच्या आत तुझ्या हातात पडलं पाहिजे. आधी मुद्दा. राजीनामा देऊ नकोस. इकडे येऊ नकोस. ८० खोटा आहे. २३१ खरा आहे.

आता बाकीचं. बसून वाच.

तुला २३१ दिसला त्याच्या आदल्या गुरुवारी मापाडी यायची पाळी नव्हती. न सांगता आला. गच्चीवर गेला, आणि यंत्राच्या तोंडाला माझी ओली मलमल. मला म्हणाला, "हे काय बाई?" मी अभिमानाने सांगितलं, स्वच्छ राहावं म्हणून रोज बांधते. तो खालीच बसला, भिजलेल्या फरशीवर. मग म्हणाला, "अहो, ती काजळीच तर मोजायची आहे. तुम्ही गाळून देताय तिला." त्याने मलमल सोडली आणि उन्हात धरली. सकाळी बांधलेली, दुपारपर्यंत बुटाच्या पॉलिशचं फडकं झालेली. चौदा महिने मी ती रोज संध्याकाळी साबणाने धूत होते, चिंगे, रोज ते काळं पाणी मोरीत ओतत होते, आणि एकदाही डोक्यात प्रकाश पडला नाही. भांडं पुसायचं म्हणजे नमुना पुसायचा नाही, हे मीच नव्या पोरींना शिकवायचे.

मापाडी घाबरला. चौदा महिने त्यानेही यंत्राच्या तोंडावरचा डाग बघितला नव्हता, चहा पिऊन जायचा. म्हणाला, झाकली मूठ राहू द्या, नुसती ती मलमल काढा. मी काढली. शुक्रवारी भाजीला गेले तर चौकातल्या पाटीवर लाल अक्षरं, २३१.

इथवर जे झालं ती चूक. पुढचं चूक नव्हे.

शनिवारी संध्याकाळी मी तुझ्या खोलीत उभी होते. अर्धी भिंत रंगवून झाली होती. मला वाटलं, चिंगी आता आकडा बघत असेल. ती येणार नाही. मी ही खोली परत बंद करणार. मग मी गच्चीवर गेले आणि मलमल भिजवली आणि बांधली. या खेपेला कशासाठी बांधतेय हे मला पक्कं माहीत होतं. गाठ मारली. त्यानंतर गेल्या गुरुवारपर्यंत रोज मारली. सव्वीस दिवस. तुला लिहिलं, यंत्र बिघडलं होतं. यंत्र नव्हतं बिघडलं. मी बिघडले होते.

स्वतःची समजूतही काय घातली ऐक. पोर घरात राहील, खिडक्या बंद ठेवू, फरशी दिवसातून तीनदा पुसू. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही हे मला कळत नव्हतं का? कळत होतं. पण गेल्या वर्षात मी कोणाशी सलग अर्धा तास बोलले असेन तर ते त्या यंत्राशी. माणूस एवढं एकटं राहिलं की स्वतःचं खोटं त्याला गोड लागतं.

मग टिटवीची ती ओळ आली. पंप आनत नाही. ती माझ्यावर विसंबून पंप ठेवून येणार होती. तिची बाहुली नि चित्रं घातलेली पेटी, एक बूट, आणि पंप नाही. त्या दिवशी मी गच्चीवर जाऊन मलमल सोडली ती सोडलीच.

कार्यालयालाही लिहिलंय, माझ्या नावाने. मापाडीचं नाव घातलं नाही, पण त्याला आधी सांगितलं. तो चहा न पिता गेला. शिंपीणबाईला जिन्यात थांबवून सांगितलं. तिने मला ओरडायला हवं होतं. ती म्हणाली, "म्हणजे माझे डोळे ठीक आहेत." ढीग झाकायचा अर्ज माझ्या फडक्यामुळे परत आला होता, चिंगे. तिच्या घरातसुद्धा म्हातारा खोकतो.

आणि तुझ्या पत्रातली पूड पेन्सिलीची नव्हती. मी याद्या शाईने करते.

रागव. पण येऊ नकोस.

मावशी

---

६ डिसेंबर

चिंगे,

टपालाची पावती माझ्याकडे आहे, म्हणजे पत्र पोचलं. राजीनामा दिला नाहीस एवढं एका ओळीत कळव. बाकी काही लिहू नकोस हवं तर.

ढोलकीला मी सांगून टाकलं की तू येत नाहीस. कार्यालयाने चौदा महिन्यांचे सगळे आकडे खोडले. दोन साहेब येऊन गच्ची बघून गेले, माझ्याकडे वेड्या म्हातारीकडे बघतात तसं बघत होते. कॉलनीने अर्ज पुन्हा घातलाय. या वेळी पहिली सही शिंपीणबाईने माझी घेतली. मापाडीची बदली झाली. नवा माणूस चहा घेत नाही.

खोली पूर्ण रंगवली. अर्धवट बरी दिसत नव्हती.

मावशी

---

२ जानेवारी

मावशी,

तुझं पत्र बारा नोव्हेंबरला मिळालं. राजीनामा लिहून पर्समध्ये ठेवलेला होता, तो फाडला. हे तुला तेव्हाच कळवायला हवं होतं. कळवलं नाही. मुद्दाम नाही कळवलं. तू सव्वीस दिवस मला खोटं दाखवलंस, मी म्हटलं सव्वीस दिवस तुलाही वाट बघू दे. मग सव्वीस होऊन गेले तरी हात उठेना.

मी फार चिडले आहे, अजूनही. टिटवीला सांगायला माझ्याकडे शब्द नव्हते. शेवटी सांगितलं की आजीच्या गावची हवा धुऊन निघत नाही. तिने पेटी उघडली आणि एकेक वस्तू परत जागेवर ठेवली. रडली नाही. त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

पण एक सांगते. रोज सकाळी चहा टाकला की मी आकडा बघतच होते. राग होता म्हणून बघत होते. उतरतो का बघू, म्हटलं. एक दिवस जरी ऐंशीवर आला असता तरी मी तुला पुन्हा कधी लिहिलं नसतं. २२६, २४०, २१९, २५२. एक दिवस उतरला नाही. तू एकटी त्या घरात, रंगवलेली खोली रिकामी, फडकं दोरीवर हाताशी, आणि एक दिवस उतरला नाही. काल २३८ होता. टिटवीने विचारलं, "आजी उठली का?" मी म्हटलं, उठली.

आम्ही तिकडे येणार नाही. निदान ते ढीग झाकेपर्यंत नाही, आणि ते कधी झाकतील देव जाणे. तू इकडे ये म्हणते तर तू येणार नाहीस, मला माहीत आहे. तुला ते घर, ती गच्ची आणि भांडायला शिंपीणबाई लागते. तरी मे महिन्यात पंधरा दिवस ये. आमचा आकडाही काही धड नाही, पण निदान तिघींची छाती एका घरात वाजेल.

आणि एवढ्या पत्रांत तू कोणाकोणाच्या छातीचं लिहिलंस. टिटवीच्या, शिंपीणबाईच्या घरातल्या म्हाताऱ्याच्या. स्वतःच्या एकदाही नाही. तुझं अक्षर मधेच उडतं मावशी, ओळीत दोनदा-तीनदा. मी तुझ्याच हाताखाली अक्षर गिरवलंय. खोकल्याशिवाय तुझा हात उडत नाही. चौदा महिने त्या यंत्राच्या तोंडाला दुपदरी मलमल बांधलीस आणि स्वतः उघड्या तोंडाने शेजारी उभी राहिलीस. ते फडकं टाकलं नसशील तर आता स्वतःला बांध. रोज सकाळी, भिजवून. माझी शपथ.

चिंगी

---

११ जानेवारी

चिंगे,

मलमल टाकली नव्हती. कपाटात तळाशी ठेवली होती, लाज वाटायची बघून. काढली. आता बांधते. शिंपीणबाई म्हणते, दरोडेखोर दिसता. मग तिने तिच्या म्हाताऱ्यासाठी आणि स्वतःसाठी तशाच दोन शिवल्या, मागे नाडी लावून, माझ्या गाठीपेक्षा बऱ्या.

खोकला आहे. लिहिलं नाही कारण लिहिण्यासारखं काय त्यात, तो जुनाच आहे, कारखान्यातून कानाच्या बदल्यात मिळालेला. दवाखान्यात जाऊन येईन. मे महिन्याचं तिकीट काढते.

पहिल्या दिवशी संध्याकाळी मलमल सोडून खिडकीपाशी नेऊन बघितली. माझ्या तोंडाची जागा त्यावर उमटली होती, काळी, बरोबर ओठांएवढी. तुला दाखवावी म्हणून घडी करून पाकिटात घातली होती. परत काढली. पाकीट टिटवी उघडते.

हे पत्र लिहायच्या आधी टेबल ओल्या फडक्याने पुसलं आहे, हात धुतले आहेत, आणि कागद नवीन गठ्ठ्याच्या मधला घेतला आहे. तरी उघडताना तिला जरा लांब उभी कर.

आकडा बघत जा. मी उठलेली असेन.

तुझी मावशी